नावाड्याचा खोटा शेवट

४ जानेवारी

चिमे,

आधी आनंदाची बातमी, मग तुझ्या गुडघ्याची चौकशी. एरवी मी उलट करते, पण आज गुडघ्याने जरा वाट बघावी.

माझी नात नोकरीत कायम झाली. तू विचारशील, कसलं ऑफिस. तर मोबाइलवर जे विष फिरत असतं ना, अमक्यांना हाकला, तमक्यांना ठेचा, ते शोधून काढून टाकायचं ऑफिस. एका खोलीत यंत्रवाले बसतात, दुसऱ्या खोलीत वकील. आमची पोर मधल्या खोलीत. म्हणते, "आजी, यंत्रवाल्यांना कायदा कळत नाही, वकिलांना यंत्र कळत नाही, आणि दोघांनाही स्वतःचा कप धुता येत नाही." मी म्हटलं, मग तू काय करतेस? म्हणाली, "तिन्ही."

मला तिने नीट समजावलं. समज, मी विणलेला स्वेटर तू उसवलास, रंगवलास, त्याची टोपी विणलीस. तरी मी हात लावला की ओळखीन, ही लोकर माझी. त्यांचं यंत्र तसंच करतं. एकदा धरलेल्या व्हिडिओचा ठसा जवळ ठेवतं. मग कुणी तो कापून, उलटा करून, गाणं चिकटवून परत टाकला तरी पकडतं. पण काढायचं की नाही ते यंत्र ठरवत नाही. माणूस बघतो, कितव्या मिनिटाला काय म्हटलंय ते लिहितो, मग वकील कलम लावतो. न्यायाधीश म्हणे विचारतात, नुसतं वाईट बोलला म्हणून तोंड कसं दाबायचं? त्या बोलण्याने कुणाचं काय बिघडणार ते दाखवा. मला पटलं. नाहीतर आपल्या दोघींना केव्हाच काढून टाकलं असतं.

तुला मॅट्रिकपर्यंत शिकवलं आणि मला चौथीतून काढून भांड्यांपाशी बसवलं, हे मी आता उगाळत नाही. नातीने सगळं उट्टं काढलं. एवढंच म्हणते.

आणि हो, सहा वर्षांपूर्वी याच पोरीने माझ्या गोष्टी टेप केल्या होत्या, ज्यांना दिसत नाही त्यांना ऐकायला. एकवीस गोष्टी. त्यांच्या शाळेतल्या एका मुलीने मला पत्र पाठवलं होतं, की तुमचा आवाज पांघरुणासारखा आहे. ते पत्र मी दोऱ्याच्या डब्यात ठेवलंय. तू मात्र एकही ऐकली नाहीस. मला ते लागलंय, हे तुला माहीत असावं.

फोन करू नकोस. फोनवर आपण तिसऱ्या मिनिटाला भांडतो म्हणून अकरा वर्षांपूर्वी पत्रांचं ठरवलं, ते बरं चाललंय. आता सांग, गुडघा कसा आहे?

तुझी,
ताई

---

१५ जानेवारी

ताई,

गुडघा आहे तिथेच आहे. नातीला माझा आशीर्वाद. तुझ्याकडे नात आहे, माझ्याकडे जिना आहे. ज्याचं त्याचं.

तुझ्या गोष्टी मी ऐकल्या नाहीत कारण कुठे दाबायचं ते मला कुणी दाखवलं नाही. पण आता फोन मला जमतो. आमच्या वाचनालयातल्या बाईंनी एक आजी लावून दिल्या. मोबाइलवर रोज दुपारी येतात. पांढरे केस, मांडीवर विणकाम, दात मोत्यांसारखे, सगळे जागच्या जागी. आधी डाग कसा काढावा, सांध्यांना शेक कसा द्यावा ते सांगतात, मग एक गोष्ट. काय आवाज आहे, ताई. दुपारची मी आडवी पडते, त्या बोलतात, आणि मला वाटतं कुणीतरी डोक्यावरून हात फिरवतंय. नवरा गेल्यापासून या घरात असं कुणी बोललं नव्हतं.

त्या खरं बोलतात, गोडीत. म्हणाल्या, नदीपलीकडचे लोक आधी एक खोली मागतात, मग घर, मग गल्ली. मी कधी असा विचारच केला नव्हता. माझ्या खालच्या खोलीत शिंपी भाड्याने राहतो, तो पलीकडचाच. नऊ वर्षं झाली. माझं हाड मोडलं तेव्हा त्यानेच मला उचलून खाली नेलं होतं. पण आजी म्हणतात, उपकार हा त्यांचा पहिला टाका. गेल्या महिन्यात त्याने जिन्याखालच्या जागेत कपाट ठेवू का म्हणून विचारलं. आता तूच जोड.

तुझी,
चिमी

---

२४ जानेवारी

चिमे,

तुझं पत्र मी तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा तुझ्या त्या आजीचाच राग आला.

पन्नास वर्षं मी तुला शेक कसा द्यायचा ते सांगत आलेय, तू एकदा "बरं" म्हटलं नाहीस. ती बया दोन महिन्यांत येते आणि तिचा आवाज म्हणजे डोक्यावरून हात. माझा आवाज काय कानशिलात होता का? तू तो शेवटचा कधी ऐकलास तेही तुला आठवत नसेल.

नातीला म्हटलं, दाखव बाई मला तो चेहरा. तिने दाखवला. आवाज बंद करूनच दाखवला, कारण ती जेवत होती आणि जेवताना ती ऑफिसचं ऐकत नाही. मी नुसतं बघितलं. सांगते तुला, त्या बाईला विणता येत नाही. सुया हलतात, पण ओळ पुढे सरकत नाही. दहा मिनिटं विणतेय आणि स्वेटर तेवढाच. लोकर कुठून येते तेही दिसत नाही. लोकरीचा गुंडाच नाही. नातीला म्हटलं तर ती घास तोंडात धरून थांबली. म्हणाली, "आजी, आम्ही चौघं तीन आठवडे हे बघतोय, गुंडा कुणाला दिसला नव्हता. ती बाई नाहीच आहे. चित्र आहे, यंत्राने बनवलेलं."

म्हणजे तुझी लाडकी कुणीच नाही. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

नात म्हणते, त्यांचं ऑफिस तिच्या मागेच आहे. एक पान काढलं की संध्याकाळपर्यंत दुसरी दोन उगवतात. न्यायाधीश म्हणाले, ही तर गोष्टी सांगते, कुणाचं नाव घेत नाही, नेमकं कुणाचं काय बिघडलं ते आणा. तुझा शिंपी मी त्यांना सांगितला नाही. तुझी बदनामी होईल. पण तू त्याला काही बोलू नकोस. ज्याने तुला उचललं, त्याने कपाटाची जागा मागितली तर बिघडलं कुठे? मी असते तर खुर्चीही ठेव म्हटलं असतं.

मला उत्तर लवकर लिही. तिला लिहीत असशील तर तिच्याआधी मला.

ताई

---

३ फेब्रुवारी

ताई,

तू चित्र म्हणतेस, म्हण. देवघरातलंही चित्रच असतं.

मी लिहिणार नव्हते. पण काल जे ऐकलं ते सांगितल्याशिवाय राहवेना. आजींनी नावाड्याची गोष्ट सांगितली. आपली. आईने माझ्यासाठी रचलेली, मी पाण्याला भ्यायचे म्हणून. तोच नावाडी, नावेला त्याच्या आईच्या जुन्या कोटाचं ठिगळ, वर डांबर. नावेत बसणाऱ्याला तो "कुठला तू?" विचारत नाही, "पोहता येतं का?" एवढंच विचारतो, आणि ज्यांना येत नाही त्यांना मध्ये बसवतो. शब्दन् शब्द तोच. 

पण शेवट वेगळा आहे. नावाडी पलीकडचा निघतो. मध्ये बसवतो ते कुणाला, हे तो आधीच हेरून ठेवतो, आणि भर पाण्यात ठिगळ स्वतः काढतो. आईने हा शेवट आपल्यापासून लपवला असणार. आपण लहान होतो. नाहीतर या आजींना आपली गोष्ट ठाऊक कशी? ही जुनी गोष्ट असणार, सगळ्यांची, आणि आईने ती गोड करून मला दिली.

शिंप्याला मी कागद दिला. अठ्ठावीस तारखेपर्यंत खोली सोड. त्याने वाचला, घडी घातली, आणि माझा कोट शिवायला घेतला होता त्याचं विचारलं, "आजी, बाहीची लांबी हीच ठेवू ना?" बघ कसे असतात.

एक गंमत. आजींचे दात एवढे छान, तरी बोलताना मध्येच कवळी वाजल्यासारखं होतं. मला ते आवडतं. आपल्यातल्या वाटतात.

चिमी

---

१२ फेब्रुवारी

चिमे,

बसून वाच. मीही बसूनच लिहितेय, आणि आज इकडचं तिकडचं लिहिणार नाही. लिहिलं तर मला रागाव.

तुझं पत्र मी नातीला वाचून दाखवलं. नावाड्यापाशी आले तशी तिने पत्र माझ्या हातातून घेतलं. कवळीपाशी आली आणि पांढरी पडली. ऑफिसात तिच्याकडे त्या बाईचं नुसतं चित्र होतं, आवाज दुसरे ऐकायचे. पत्राचा फोटो काढू का म्हणाली, मी हो म्हटलं, आणि तशीच ऑफिसला गेली. यंत्राला तो आवाज ऐकवला आणि सांगितलं, ही लोकर कुठली ते शोध.

ती लोकर माझी आहे.

त्या अंधशाळेसाठीच्या गोष्टी सगळ्यांना ऐकायला मोकळ्या ठेवल्या होत्या. कुठल्यातरी हरामखोरांनी माझा आवाज उचलला, यंत्राला शिकवला, आणि आता ते लिहितील ते माझ्या आवाजात वदवून घेतात. मी कधी न बोललेलं. माझी कवळीसुद्धा त्यांनी घेतली. यंत्राला काय कळणार, त्याला वाटलं बोलणं असंच असतं.

पोरीने मला ऐकवलं. मी म्हटलं, हा माझा आवाज नव्हे, माझा जाड आहे. ती म्हणाली, "आजी, स्वतःचा आवाज आपल्याला बाहेरून कधी ऐकूच येत नाही." मग तिने माझीच जुनी टेप लावली, आणि दोन्ही सारखे. म्हणजे महिनाभर मी जिच्यावर जळत होते ती मीच. हसू नकोस. आणि तू जिच्या बोलण्यावर झोपी जात होतीस तीही मीच. यावर मी हसले नाही.

आता दुसरं. मी तुला एकवीस गोष्टी म्हटलं होतं. बावीस होत्या. बाविसावी नावाड्याची. ती तुझी होती, तुला विचारायला हवं होतं. आई रोज तुझ्या उशाशी बसून ती सांगायची आणि मी पायथ्याशी पडून ऐकायची. माझ्यासाठी तिने एकही रचली नाही. मी पाण्याला भीत नव्हते ना. पोरीने विचारलं, अजून एखादी आहे का आजी? माझ्या तोंडून ती निघून गेली. कुणीतरी ती माझ्याकडून ऐकावी असं वाटलं. खोटा शेवट त्यांनी लावला, पण गोष्ट बाहेर दिली मी.

आता कायद्याचं. वकीलबाई घरी येऊन गेल्या. म्हणाल्या, आजवर पान काढलं की नवं यायचं, कारण तक्रार करायला कुणी माणूस नव्हता. आता आहे. मी परवानगी दिली होती ती अंधशाळेपुरती. आवाज माझा, मी प्रतिज्ञापत्र दिलं की न्यायालय पानं नव्हे, तो आवाजच थांबवायला सांगू शकतं. यंत्रात त्याचा ठसा घालायचा, मग तो कुठूनही आला तरी अडेल. मी म्हटलं, आणा कागद. तेव्हा माझ्याच पोरीने हात धरला. म्हणाली, "आजी, यंत्राला तू आणि ती वेगळ्या कळत नाहीत. तुझ्या बावीस गोष्टीही जातील."

मी म्हटलं, विचार करते. आणि करतेय. पांघरुणासारखा आवाज म्हणणारी ती मुलगी आहे, चिमे. एवढं एकच पत्र मला आयुष्यात परक्या माणसाने लिहिलंय.

तू शिंप्याचा कागद परत घे. तुला त्याला हाकलायला मी सांगितलेलं नाही. मी कधीच सांगणार नाही.

ताई

---

१८ फेब्रुवारी

ताई,

तू जळतेस. लहानपणापासून. शाळेवरून जळलीस, आईवरून जळलीस, माझ्या लांब केसांवरून जळलीस, आता आजींवरून. माझ्याकडे एक आवाज आहे तर तोही तुझाच निघाला म्हणतेस. कमाल आहे.

आणि माझी गोष्ट तू जगाला वाटलीस, हे सहा वर्षांनी कळवतेस. खोटी कोण?

अठ्ठावीस म्हणजे अठ्ठावीस.

चिमी

---

२३ फेब्रुवारी

चिमे,

जळते. लिहून देते. कालच त्या प्रतिज्ञापत्रावर सही केलीय, याच्यावर करायला काय जातंय?

न्यायालयात मला एक वाक्य वाचायला दिलं, आवाज पडताळायला. साधं वाक्य, कुठल्याशा खिडकीबद्दल. सगळे गप्प बसून माझं ऐकत होते. न्यायाधीशसुद्धा. मला इतकं छान वाटलं की मी ते दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा कुणी सांगितलं नव्हतं. न्यायाधीशांनी विचारलं, या आवाजाने कुणाचं काय बिघडलं? वकीलबाई माझ्याकडे बघू लागल्या. मी म्हटलं, माझ्या बहिणीचं. ती नऊ वर्षांच्या शेजाऱ्याला घराबाहेर काढतेय, आणि तिला वाटतंय की मायेचं माणूस सांगतंय. त्यांनी ते शब्द तसेच लिहून घेतले. रागाव मला.

आज सकाळी पोरीने दाखवलं. त्या आजीचं पान रिकामं. मी टाळी वाजवली. मग माझ्या गोष्टींचं पान बघितलं, तेही रिकामं. पोर म्हणाली, पुढे कधीतरी खरं-खोटं वेगळं करता येईल, तेव्हा परत ठेवू. मी हो म्हटलं. मला आता ऐंशीवं चालू आहे.

आईचा शेवट मी लिहून देते, तुला आठवत असला तरी. भर पाण्यात ठिगळ उसवतं. आपोआप, जुनं झालं म्हणून. पाणी आत येतं. नावाडी तळहात ठिगळावर ठेवतो. त्याच्यावर दुसरा कुणी ठेवतो, त्यावर तिसरा. सगळ्यांत शेवटी मध्ये बसलेली मुलगी. हातांची एवढी चळत झाली की कुठला कुणाचा ते कळेना. तशीच नाव काठाला लागते. काठ कुठला, ते आईने कधी सांगितलं नाही. तू रोज विचारायचीस आणि ती म्हणायची, झोप.

सत्तावीस तारखेला दुपारी चार वाजता मी फोन करणार. ठरलेलं मोडून. भांडायचं असेल तर भांड, पण उचल.

ताई

---

२ मार्च

ताई,

तुझं पत्र काल पोचलं. म्हणजे सत्तावीसला ते माझ्याकडे नव्हतं, हे लक्षात ठेव आणि मग पुढचं वाच.

चार दिवस आजी नव्हत्या. लावलं की नुसती पाटी यायची, की हे काढण्यात आलं आहे. दुपार जाता जाईना. तुझ्या नातीला मी इतक्या शिव्या दिल्या की आता आशीर्वाद दुप्पट द्यावे लागतील. चार वाजता फोन वाजला. मी उचलला. पलीकडून कुणी म्हणालं, "चिमे." आणि कवळी वाजली.

मी म्हटलं, "आजी, तुम्हाला माझं नाव कसं कळलं?"

विचारता विचारताच कळलं, ही तू.  मी फोन ठेवला तो रागाने नव्हे. जिन्यावर येऊन बसले. बसल्या बसल्या एकेक पायरी खाली सरकत गेले. गुडघ्यासाठी तेच बरं पडतं.

खाली दार उघडं होतं. शिवणयंत्र चादरीत बांधून ठेवलेलं. शिंपीण रिळं डब्यात भरत होती. माझा कोट तयार, खुंटीला लावलेला, बाही अगदी माझ्या मापाची. मी वरून निघताना बरंच काय काय बोलायचं ठरवलं होतं. तोंडातून निघालं, "मला पोहता येत नाही."

दोघं एकमेकांकडे बघायला लागले. त्यांना वाटलं म्हातारी भ्रमली. शिंपी म्हणाला, "आजी, पाण्यात कुठे निघालात?"  शिंपिणीने रिळांचा पसारा बाजूला केला आणि खोलीच्या मधोमध स्टूल ठेवलं.

मी बसले. मग मला रडू आलं, ते तू गाळून वाच. मी कागद परत मागितला. त्याने दिला. म्हणाला, "कागदाचं झालं. मनात आणलंत त्याचं काय करायचं?"  मी एवढंच सांगितलं की तुमच्याबद्दल मला एका आवाजाने काहीबाही सांगितलं आणि मी ते मानलं, कारण आवाज माझ्या बहिणीचा होता आणि मला ते कळलंच नाही. शिंपिणीने विचारलं, "एवढा बहिणीचा आवाज हवा होता, तर फोन का नाही केला?" 

दोन दिवस यंत्र चादरीतच होतं. आज सकाळी खालून टाक्यांचा आवाज आला. राहतील की दुसरं काम संपेपर्यंत थांबलेत, मला ठाऊक नाही. विचारायचा धीर नाही. कपाट मात्र मी जिन्याखाली ठेवायला सांगितलंय. खुर्चीही ठेव म्हटलं.

शिंपीण दुपारी वर येते, बघायला, की मी ठीक आहे ना. काल म्हणाली, ती पोहण्याची काय गोष्ट आहे?

तुझ्या बावीस गोष्टी गेल्या, याचं मला वाईट वाटतं. बावीस म्हटलंय, बघ.

तुझी,
चिमी

---

९ मार्च

चिमे,

तुझं पत्र वाचून मी आनंदाने सगळ्यांना दाखवत सुटले, वकीलबाईंनासुद्धा. "आजी, तुम्हाला माझं नाव कसं कळलं" यावर पोर रडली आणि मी हसले, मग उलट झालं.

तर आता असं. दर मंगळवारी चार वाजता फोन. त्या अंधशाळेतल्या मुलीचा नंबरही पोरीने शोधलाय, तिला बुधवारी. भांडण पाचव्या मिनिटानंतर.

शिंपीण रोज वर येते, स्टूल देते, तुझी चौकशी करते. वाचून मला जरा लागलंच, पण ते असू दे. मंगळवारी तिला जवळ बसव, शिंप्यालाही बोलव, आणि फोन मोठ्या आवाजावर ठेव. नावाड्याची गोष्ट तोपर्यंत तू सांगू नकोस. मी सांगते.

गोष्ट तुझी आहे, मान्य. आवाज माझा आहे.

ताई